गिरणगावातील वारी



कोणत्याही कर्माच्या आरंभी संकल्प सोडताना आपण देशकालाचा उच्चार करतो. पाठशाळेत आम्ही तो घोकला तेव्हा 'गोदावरीच्या दक्षिण तीरी' अशा अर्थाचे शब्द म्हणत असू. आमचा एक सहाध्यायी पुढे काशीस गेला; त्याला तेथे 'भागीरथीच्या पश्चिम तीरी' म्हणावे लागले. कर्ता तोच, देवता तीच, पण पायाखालची भूमी बदलली की तिचे नाव घेतल्यावाचून संकल्प पुरा होत नाही. माणूस गाव सोडून जातो हे शास्त्राने असे सहज धरले आहे. आम्हांला मात्र ते कळायला परळच्या एका चाळीत जावे लागले.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना 1854 साली झाली. पुढे 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माणूस मुंबईला जवळ आला. कोकणचा बोटीने येतच होता. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतली माणसे परळ, लालबाग, शिवडी, वरळीच्या चाळींत राहिली. गावकीची एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. बायकापोरे, गुरे, शेत आणि देव गावाकडे.

देव गावाकडे म्हटले खरे, पण तो तिकडे राहिला नाही. सातारकर, पुणेकर आले ते हरिपाठ, पखवाज आणि एकादशी घेऊन. कोकणातले आले ते गणपतीपुढच्या भजनाची सवय घेऊन. गावी या दोघांची गाठ कधी पडली नसती. येथे भिंतीला भिंत लागून खोल्या. त्यातून भजनाचा एक तिसराच घाट तयार झाला. पेटी आली, तबला आला, दोन बुवा समोरासमोर बसून डबलबारी रंगू लागली. यात ईर्ष्या पुष्कळ शिरली, हे आम्ही आजही म्हणू.

असो. सन 1981 ची आषाढी. आम्ही नुकतेच पाठशाळेतून बाहेर पडलो होतो. विद्या थोडी आणि जीभ फार, असे ते वय. परळला एका भजनी मंडळाने कीर्तनाला बोलावले. वेळ कोणती, तर रात्री बारानंतर, दुसरी पाळी सुटल्यावर. मंडळी आली ती केसांत कापसाची तुसे घेऊनच. पुढे पेटी ठेवलेली. आम्हांला राग आला. निरूपणात आम्ही सरळ बोललो, की आज पंढरीत चंद्रभागेला मानवते आहे आणि तुम्ही येथे बसला आहात. वारी चुकवता तर गळ्यात माळ ठेवता कशाला?

कोणी काही बोलले नाही. आरती झाली, बुक्का लागला. मग एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. सातारकडचे, साचेखात्यात विणकर. म्हणाले, "बुवा, तुम्ही सांगितलं ते खरं हाय. पर आमच्या घरची वारी चुकली न्हाई. धाकला भाऊ चालतोय. म्या हितनं मनिआर्डर केली, तवा त्येच्या मागं बैलाला वैरण आन् पोरास्नी भाकरी हाय. त्यो परत आला की चुरमुरं-बुक्का धाडतो, त्यो समद्या खोलीत वाटतो. मी रजा मागितली तर साच्यावर बदलीवाला हुबा ऱ्हातो. मग दोघांची बी वारी बंद."

आम्ही निरुत्तर झालो. अविभक्त भावांचा धर्म एकच असतो, असे स्मृतिकारांनी सांगितले आहे. एकाने केलेले कर्म सर्व घराचे. हे वचन आम्ही पाठ म्हणून शाबासकी मिळवली होती. त्या म्हाताऱ्याने ते कधी ऐकलेही नसेल, पण तो तसे वागत होता. घाटावरच्या किती दिंड्या गिरणीच्या पगारावर चालल्या असतील, याचा आम्ही तोवर विचारच केला नव्हता.

पुढे 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या आषाढीला तो विणकर भावाबरोबर पायी चालला, कारण रजा मागायला गिरणीच चालू नव्हती. वाटेत आमची भेट झाली. दर्शनाचा आनंद होता, पण पोराच्या नोकरीची गोष्ट तीनदा काढली. गिरणी पुन्हा त्याच्या वाट्याला आली नाही.

पेटीचा आमचा रागही पुढे उतरला. नामदेवरायांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे. गुरुद्वारात ती पदे पेटी-तबल्यावर, रागदारीत गायली जातात, आणि ऐकणारा नामदेवांना आपलेच म्हणतो. आणि ज्या माउलींच्या पालखीची शिस्त आम्ही शुद्ध परंपरा म्हणून सांगतो, ती लावली कोणी? हैबतबाबा आरफळकरांनी. ते साताऱ्याकडचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी चाकरी करून परतलेले. तिसऱ्या कर्ण्याला पालखी हलते, चोपदाराच्या दंडाने हजारो माणसे गप्प होतात, ही लष्करी तळावरची चाल परमुलखातून आली आणि आता ती आपल्या हाडीमाशी खिळली आहे.

मुंबईचे डबेवालेही पाहावेत. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची ही मंडळी, बहुतेक माळकरी. हे काम 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केले असे सांगतात. चैत्रात गावच्या यात्रेसाठी ते सुट्टी घेतात, आणि तेवढे दिवस साहेबलोक दुपारच्या जेवणाची दुसरी सोय पाहतात! विणकराला जी रजा एकट्याने मिळत नव्हती, ती यांनी सर्वांनी मिळून घेतली.

आता प्रश्न निराळा आहे. गिरण्या गेल्या, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. बदलापूर-विरारला राहणाऱ्या नातवासाठी चालणारा भाऊ गावात उरला नाही. अविभक्ताचे वचन त्याला लागू पडत नाही. त्याची वारी त्यानेच करायची. तो एखादा दिवस पुण्याहून दिवे घाटापर्यंत चालतो आणि रात्री परततो. काही जुनी मंडळी त्याला हसतात. आम्ही हसत नाही, एकदा तोंड पोळलेले आहे. मात्र पंधरा दिवसांची एकादशी आणि घरातला हरिपाठ तरी सोडू नकोस, एवढे त्याला बजावतो. आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला जातो, तेवढ्यावर भागत नाही.

त्या विणकराच्या मंडळाची वीणा आता बदलापूरला त्याच्या नातवाच्या घरी आहे. शुद्ध एकादशीला सात-आठ जण जमतात. लोकलच्या गर्दीतून येईपर्यंत नऊ वाजतात. गेल्या कार्तिकीला आम्ही तेथे कीर्तन केले. पेटी होतीच. नातवाला हरिपाठाचे निम्मेच अभंग पाठ होते, बाकीचे तो पुस्तकात पाहून म्हणत होता.