आपला शेजारी डोंगरी जिल्हा : डांग



सुरतहून वणीच्या सप्तशृंगी गडावर जाताना वघईपासून सागाचे रान सुरू होते आणि घाट चढून गेल्यावर सापुतारा येतो. हा डांग जिल्हा. आपल्यापैकी पुष्कळांनी तो गाडीच्या खिडकीतूनच पाहिला असेल. म्हणून या अंकात आम्ही त्याचा इतिहास थोडक्यात देत आहोत.

डांगचे मुख्य ठिकाण आहवा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,२८,२९१. त्यात भिल्ल, कोकणा, वारली हे आदिवासी समाज बहुसंख्य आहेत. पूर्णा व अंबिका या नद्या डांगातून वाहत येऊन नवसारी भागात समुद्राला मिळतात.

येथे गाढवी, आमला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी अशी पाच भिल्ल राजांची गादी आहे. इंग्रजांना जहाजांसाठी सागवान हवे होते. १८४२ साली त्यांनी या राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. राजांना दरसाल ठराविक रक्कम मिळू लागली, परंतु जंगलावरचा ताबा हळूहळू सरकारकडे गेला. राखीव जंगल झाल्यावर लोकांच्या शेतीवर व लाकूडतोडीवर बंधने आली. त्यातून उठावही झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी बडोदा संस्थानाने बिलीमोरा-वघई छोटी रेल्वे बांधली. तिच्यातून डांगचे लाकूड खाली येऊ लागले.

१९७१ साली देशातील संस्थानिकांचे तनखे बंद झाले, पण डांगच्या राजांचे सालियाने चालू राहिले. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि तेथे राजांचा सन्मान करून ती रक्कम दिली जाते.

स्वातंत्र्यानंतर डांग मराठी की गुजराती, असा मोठा वाद झाला. १ मे १९६० रोजी डांग गुजरातमध्ये आला. परंतु डांगी बोली कान देऊन ऐकाल तर तिच्यात मराठी, गुजराती आणि खानदेशी, तिन्हींचे शब्द सापडतील. आपल्यातील अनेक घरे खानदेशातून आलेली आहेत. त्या घरांतील आजी-आजोबांना ही बोली फारशी परकी वाटणार नाही.

दिवाळीनंतर डांगमधील कित्येक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बारडोली भागात येतात. सोबत मुलेही येतात आणि त्यांची शाळा सुटते. ज्यांच्या सागावर इतरांची जहाजे व घरे उभी राहिली, त्यांच्याच मुलांच्या हातून पाटी सुटावी, ही गोष्ट आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. विश्वस्त मंडळ व पालक यांनीही यावर विचार करावा, ही विनंती. आणि विद्यार्थ्यांनो, अशा मुलांच्या बोलीला कोणी हसत असेल तर त्यात सामील होऊ नका. घरी अहिराणी बोलायला लाजूही नका.

स्वाध्याय
१. नकाशात पूर्णा व अंबिका नद्यांचा मार्ग दाखवा.
२. डांगच्या राजांना आजही सालियाना का मिळतो, ते पाच ओळींत लिहा.
३. आजी-आजोबांना विचारून बोलीतील दहा शब्द अर्थासह वहीत लिहून आणा.