द्राक्षांच्या मुलखात तीन दिवस : नोंदीचा धडा



२०२४-२५ चा गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही रजा काढून भाच्याकडे फ्रान्सला गेलो होतो. तो तुलूझ शहरात नोकरीला आहे. १ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. तिकडे कामगार दिनाची सुट्टी. सुट्टी गुरुवारी आली, भाच्याने शुक्रवारची रजा टाकली आणि गाडी काढली. तीन दिवस द्राक्षाचा मुलूख पाहिला. त्यातली एकच गोष्ट आपल्या कामाची, ती सांगतो.

तुलूझ ते नार्बोन सुमारे १५० किलोमीटर. कार्कासोन ओलांडले की दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. आपल्यासारखे मांडव नाहीत. कमरेएवढ्या वेली, तारेवर ओळीने. नवे फुटवे नुकतेच वाढीला लागले होते. पण मधूनमधून रान मोकळे आणि बांधावर खोडांचे ढीग. आम्हाला वाटले, रोग पडला असेल. भाचा म्हणाला, "मामा, रोग नाही, गिऱ्हाईक नाही!" साठ वर्षांपूर्वी तिकडे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन खपे, आज त्याच्या निम्मीही नाही. म्हणून २०२४ साली सरकारने बाग कायमची काढणाऱ्याला हेक्टरी ४,००० युरो देण्याची योजना आणली. आपल्या पैशात चार लाखांच्या आसपास. आजोबाने लावलेली बाग नातवाने उपटायची, हे सोपे नव्हे. आता लक्षात घ्या, हे पैसे तोंडी सांगण्यावर मिळत नाहीत. कोणत्या तुकड्यात किती क्षेत्र, कोणता वाण, कोणत्या सालची लागण, हे सरकारी दप्तरात नोंदलेले असते. त्यावरच सगळा हिशेब.

एवढी काटेकोर नोंद आली कुठून, याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आर्जेलिए या गावी मिळाले. गाव लहान, पण १९०७ साली साऱ्या फ्रान्सला हलवणारे.

द्राक्षरसातल्या साखरेचीच आंबून दारू होते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर असली की एक टक्का दारू बनते. आपण उसाला ब्रिक्स पाहतो, तसे ते द्राक्षाला पाहतात. आता लबाडी कशी चाले पाहा. रस काढून उरलेल्या चोथ्यावर पाणी आणि बीटाची साखर ओतायची, आंबवायचे आणि वाइन म्हणून विकायचे. त्यात पीकही उदंड आले, बाहेरचा मालही आला. भाव कोसळला. खरा माल पिकवणाराही बुडाला, कारण बाजारात खरे-खोटे कोण ओळखणार?

११ मार्च १९०७ रोजी मार्सेलँ आल्बेर या बागायतदाराच्या मागे आर्जेलिएचे ८७ जण नार्बोनला गाऱ्हाणे मांडायला निघाले. ८७ चे हजार झाले, हजारांचे लाख. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांवर माणूस जमला. नार्बोनला सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. अखेर २९ जून १९०७ ला कायदा झाला. वाइनमध्ये घालायच्या साखरेवर जादा कर बसला आणि प्रत्येक बागायतदाराने आपले उत्पादन गावच्या कचेरीत जाहीर करायचे ठरले. पिकवले त्याहून जास्त विकले, की लबाडी उघडी! साखर कारखान्याची माणसे आम्ही. साखरेविरुद्धचा हा लढा ऐकताना जरा ओशाळलोच.

तिसऱ्या दिवशी बेझिएजवळ मारोसां गाव पाहिले. तिथल्या लहान बागायतदारांनी १९०१ सालीच सहकारी संस्था काढली आणि पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट माल विकला. शुद्ध मालाची हमी हेच त्यांचे भांडवल. संस्थेच्या इमारतीवर अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ : प्रत्येकासाठी सर्व, सर्वांसाठी प्रत्येक. ते वाचले आणि आम्हाला आपला शेतकी विभाग आठवला.

मागे एका हंगामात एका सभासदाने उसाची लागण तारीख महिनाभर आधीची लिहून दिली. आम्ही प्लॉटवर न जाता सही केली. चूक आमची. त्याला तोड लवकर मिळाली. कागदावर तो पुढे गेला, म्हणून शेजारच्याचा पक्व ऊस मागे राहिला. त्याला तुरा आला, वजन घटले आणि खोडवाही उशिरा फुटला. शेजारी आम्हाला एवढेच म्हणाला, "साहेब, मी खरी तारीख लिहिली, ही माझी चूक का?" त्याला उत्तर देता आले नाही. आज देत आहोत.

येत्या नोंदणीत आमच्याकडून कोणतीही सही प्लॉटवर पाय ठेवल्याशिवाय होणार नाही. आपणही एवढे करा :

१) लागण झाल्यावर लगेच नोंद द्या, तारीख, वाण व क्षेत्र खरे लिहा.
२) लागण, खोडवा यांची नोंद वेगवेगळी करा.
३) ऊस जळाला, मोडला किंवा बेण्याला दिला, तर लगेच कळवा.
४) गावची तोडणी यादी लागली की स्वतः वाचा. शंका असेल तर लेखी द्या.

तिकडच्या बागायतदारांना नोंदीची किंमत कळायला भाव कोसळावा लागला, रक्त सांडावे लागले. आपल्याला एक खरी तारीख लिहायची आहे. एकाची खोटी नोंद म्हणजे दुसऱ्याच्या उसाला तुरा, हे ध्यानात असू द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी