मेसच्या कढईतली केमिस्ट्री

थंडीत होस्टेलवर खोबरेल तेलाची बाटली थिजते, पण मेसमधलं शेंगदाणा तेल पातळच राहतं. असं का? उत्तर फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आहे आणि ते आपल्या पोटाशीही संबंधित आहे!

आम्ल आणि अल्कोहोल यांची अभिक्रिया झाली की पाणी बाहेर पडतं आणि एस्टर तयार होतो. ॲसेटिक आम्ल आणि आयसोअमाइल अल्कोहोलपासून बनणाऱ्या एस्टरला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. तेल आणि तूप हेही एस्टरच. ग्लिसरॉलला तीन 'हात' (ओएच गट) असतात. प्रत्येक हाताला एकेक मेदाम्ल जोडलं गेलं की झालं ट्रायग्लिसराइड. मेदाम्लांची साखळी सरळ असेल तर रेणू एकमेकांना चिकटून बसतात. साखळीत दुहेरी बंध असेल तर तिथे ती वाकते आणि रेणू नीट रचले जात नाहीत. खोबरेल तेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्लं दुहेरी बंध नसलेली, म्हणजे संपृक्त. म्हणून ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच थिजतं. शेंगदाणा तेलात मात्र वाकड्या साखळ्याच जास्त.

आता कढईकडे वळू. एस्टर बनताना पाणी बाहेर पडतं, तसंच पाणी मिळालं की एस्टर तुटतोही. वडा तेलात सोडला की चर्र आवाज येतो, तो त्यातल्या पाण्याचा. गरम तेलात हे पाणी एस्टर बंध तोडतं आणि मेदाम्लं सुटी होतात. दुसरीकडे हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांवर हल्ला करतो. तुटलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेल घट्ट, चिकट होतं. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते काळपट दिसतं, फेसाळतं आणि आधीपेक्षा कमी तापमानालाच धूर सोडू लागतं. वास खवट येतो तो वेगळाच!

या बिघाडातून तयार होणाऱ्या पदार्थांना एकत्रितपणे 'ध्रुवीय संयुगं' म्हणतात. एफएसएसएआयच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल तळणासाठी वापरता येत नाही.

हे प्रमाण मोजायला खास मीटर लागतो. पण सुटी झालेली मेदाम्लं आपणही मोजू शकतो. लुब्रिकेटिंग ऑइलची 'ॲसिड व्हॅल्यू' काढायचं प्रॅक्टिकल आठवतंय? तेच करायचं. तेल अल्कोहोलमध्ये घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत केओएच सोडा. समजा, १० ग्रॅम तेलाला ०.१ नॉर्मल केओएच २ मिली लागलं, तर २ × ०.१ × ५६.१ ÷ १० = १.१२. म्हणजे एक ग्रॅम तेलातली सुटी आम्लं उदासीन करायला १.१२ मिलिग्रॅम केओएच लागलं. ताज्या आणि वापरलेल्या तेलाचे आकडे शेजारी ठेवा, फरक लगेच कळेल. मात्र ॲसिड व्हॅल्यू कमी आली म्हणजे तेल चांगलंच, असं समजू नका. ऑक्सिजनने केलेला बिघाड त्यात पूर्णपणे दिसत नाही.

आणि बाद झालेलं तेल? ते बेसिनमध्ये ओतू नका. मिथेनॉल आणि उत्प्रेरक वापरून ग्लिसरॉलच्या जागी मिथेनॉल बसवलं की नवे एस्टर मिळतात. तेच बायोडिझेल! २०१८ मध्येच एफएसएसएआयने असं तेल गोळा करण्याची 'रुको' ही योजना सुरू केली.

तेव्हा मेस कमिटी आणि केमिस्ट्री डिपार्टमेंट, दोघांनाही एकच विनंती: दर महिन्याला एक नमुना, एक टायट्रेशन, आणि आकडा नोटीस बोर्डावर. बघा, जमतंय का!