जहाजाला ब्रेक नसतो

मामा कोकणातले तांडेल. भाचा मालवाहू जहाजावर खलाशी. भाचा सुट्टीत घरी आला. तेव्हा मामांनी त्याला विचारले,

"काय रे, आमची होडी समोर असते, तरी तुमचं जहाज थांबत कसं नाही? गाडीवान कासरा ओढतो, की बैलगाडी उभी राहते."

भाचा म्हणाला, "मामा, गाडीचं चाक जमिनीला धरून असतं. पाण्यात धरायला काय आहे? जहाज थांबवायचं, तर त्याचा पंखा उलटा फिरवायचा. तरी ते पुढं जातच राहतं."

"किती पुढं?"

"त्याचं माप ठरलेलं आहे. लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आहे. भारतही तिचा सभासद आहे. तिनं २००२ साली हे माप ठरवलं. २००४ पासून बांधलेल्या, १०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना ते लागू आहे. भर वेगात पंखा उलटा फिरवला, तर जहाजानं आपल्या लांबीच्या १५ पट अंतरात थांबलं पाहिजे. फार अवजड जहाजाला २० पटींपर्यंत सूट मिळते."

मामांनी हिशेब केला. "जहाज २०० मीटर लांब. २०० गुणिले १५. म्हणजे ३,००० मीटर! तीन किलोमीटर!"

"होय. वळायलाही जागा लागते. सुकाणू पुरतं फिरवलं, तरी तोंड उलट दिशेला येईपर्यंत जहाज आपल्या लांबीच्या ५ पट बाजूला जाऊ शकतं. म्हणजे एक किलोमीटर."

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "मला वाटायचं, कप्तान मुद्दाम थांबत नाही. कायदा काय सांगतो?"

"खुल्या समुद्रात मासे धरणाऱ्या होडीला जहाजानंच वाट द्यायची. पण होडी दुरून दिसली, तरच ते वेळेवर वळणार. बंदराच्या अरुंद वाटेत मात्र होडीनं जहाजाला अडवायचं नाही. तिथं वळायला जागाच नसते. २०१० साली मुंबई बंदराजवळ दोन मोठी जहाजं आदळली. आठवतं ना?"

"आठवतं तर! समुद्रात तेल सांडलं. मासेमारी बसली."

मामांच्या होडीचा दिवा महिनाभर बिघडलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी तो दुरुस्त करून घेतला. मगच होडी पाण्यात लोटली.

सांगा पाहू :
१. जहाज लवकर का थांबत नाही?
२. जहाज १५० मीटर लांब आहे. १५ पट म्हणजे किती मीटर?
३. रात्री होडीवर दिवा का हवा?