हुशार मुलाला वाचता-लिहिता येत नाही : शाळेकडून मदत कशी घ्यावी?

‘डॉक्टर, पोरगं बोलण्यात वकिलालाही ऐकत नाही, पण वहीत चार ओळी लिहायला सांगितल्या की त्याला घाम फुटतो.’ अशी तक्रार घेऊन येणारे पालक आता तालुक्याच्या गावीही भेटतात. सोबत बहुधा एखाद्या टॉनिकची बाटली असते आणि मास्तरांचा निरोप असतो, ‘घरी अभ्यास घेत जा.’ घरी अभ्यास घेतला जातो, मारही दिला जातो. पाचवी-सहावीपर्यंत मूल शाळेचे नाव काढले की पोट दुखते म्हणू लागते, आणि मग पोटाच्या तपासण्या सुरू होतात!

बुद्धी चांगली, डोळे-कान शाबूत, शाळाही नियमित, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एक वा अधिक गोष्टी वयाच्या मानाने फारच मागे राहतात, या अवस्थेला ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणतात. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणिताच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी १८९६ साली अशाच एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली होती, म्हणजे हे काही आजकालचे फॅड नव्हे. आपल्याकडे २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोचवला. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालण्याचे मेंदूतील काम अशा मुलांत वेगळ्या रीतीने चालते. पुष्कळदा वडिलांना, काकांना किंवा मामालाही लहानपणी हीच अडचण आलेली असते. यावर गोळी नाही, टॉनिक नाही आणि स्मरणशक्तीचे चूर्णही नाही. उपाय आहे तो शिकवण्याच्या पद्धतीत, म्हणजेच शाळेत.

मराठीत ही अडचण कशी दिसते? मूल ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत गोंधळते. काना, मात्रा, वेलांटी गळते किंवा भलत्याच अक्षरावर बसते. जोडाक्षर आले की गाडी अडते, रफार तर बहुतेक वेळा सुटतोच. धडा पाठ असल्यामुळे ‘वाचून’ दाखवते, पण त्याच धड्यातला एक शब्द फळ्यावर वेगळा लिहिला की गप्प बसते. फळ्यावरचे उतरवून घेताना अर्धी ओळ राहते. गणितात पंचवीस म्हटले की ५२ लिहिते. यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे, कारण आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा तिची बरीच थट्टा झाली. अशा मुलांच्या दृष्टीने पाहिले असते तर ती थोडी कमी झाली असती.

पहिली-दुसरीत अशा चुका सगळीच मुले करतात, त्यामुळे लगेच शिक्का मारू नये. तिसरीत, म्हणजे साधारण आठ वर्षे पूर्ण झाल्यावरही त्या तशाच राहिल्या तर मात्र थांबू नये. आधी इतर कारणे तपासून घ्यावीत. चष्मा हवा आहे का? वारंवार फुटणाऱ्या कानामुळे ऐकू कमी येते का? रक्त कमी आहे का? आई-वडील ऊसतोडीला जात असल्याने वर्षातले चार-पाच महिने शाळा बुडते का? घरात पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलली जाते आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते, असे तर नाही? घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, हा प्रकार तर आता गल्लोगल्ली आहे. यांपैकी काही असेल तर आधी त्याची सोय लावावी. मात्र हे कारण सापडले म्हणून अध्ययन अक्षमता नाहीच, असेही धरून चालू नये. दोन्ही एकत्र असू शकतात.

आता शाळेकडे वळू. बहुतेक पालक शिक्षकांना भेटतात ते प्रगतिपुस्तकावर सही करायला, आणि तेही मान खाली घालून. त्याऐवजी मुलाच्या तीन-चार वह्या घेऊन, शाळा सुटल्यावर वेळ मागून भेटावे. ‘याला काही येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तोंडी उत्तर बरोबर देतो, पण लिहिताना चुकतो, हे पाहा’ असे वहीवर बोट ठेवून दाखवावे. शिक्षकांच्या वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात, त्यांच्याशी भांडून काही साधत नाही. मागायचे ते नेमके मागावे. मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये. फळ्यावरचे उतरवायला जास्त वेळ द्यावा किंवा शेजारच्या मुलाची वही घरी न्यायला परवानगी द्यावी. गृहपाठ दहा गणितांऐवजी पाच द्यावा. चाचणीत काही प्रश्न तोंडी विचारावेत. इतिहास-विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. यातील एकाही गोष्टीला कोणत्याही दाखल्याची गरज लागत नाही, पैसाही लागत नाही.

तोंडी विनंतीने काम झाले तर उत्तमच. नाही झाले तर मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा. मुलाचे नाव, इयत्ता, कोणत्या अडचणी कधीपासून दिसतात आणि वरीलपैकी कोणत्या सोयी हव्यात, एवढे लिहिले की पुरे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यायला विसरू नये. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. समग्र शिक्षा अभियानाखाली समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात, ते तालुक्याच्या गट साधन केंद्राशी जोडलेले असतात. त्यांची भेट शाळेत घडवून आणावी, असेही अर्जात लिहावे. शाळेने दाद दिली नाही तर अर्ज केंद्रप्रमुख आणि मग गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे न्यावा.

ही मेहेरबानी नव्हे, हे पालकांनी मनाशी पक्के धरावे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मात्र २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. या कायद्याच्या १६ व्या कलमानुसार अशी मुले लवकरात लवकर ओळखणे आणि त्यांना योग्य पद्धतीने शिकवणे ही अनुदानित आणि शासनमान्य शाळांचीही जबाबदारी आहे, मग माध्यम इंग्रजी का असेना. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारणे आणि अपमान करणे या दोन्हींनाही त्यात मनाई आहे.

दाखला हा पुढचा भाग. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ही अडचण आवर्जून सांगावी. हे पथक फक्त दात आणि जंत पाहत नाही, शिकण्यातील अडचणीही त्यांच्या यादीत आहेत. तेथून किंवा थेट जिल्हा रुग्णालयात गेल्यावर बालरोगतज्ज्ञांची तपासणी, बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. जिथे सोय नसेल तिथून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवतात. हेलपाटे पडतात, हे खरे आहे. मूल मराठी माध्यमाचे असेल तर चाचणी मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरावा. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या चाचण्या मराठीतही आहेत.

‘दिव्यांग’ या शब्दाला पुष्कळ पालक बिचकतात, विशेषतः मुलीचे पालक. मुलाला निदान डॉक्टरकडे तरी आणतात, मुलीला मात्र ‘हिला अभ्यासात गती नाही’ म्हणून घरी बसवतात आणि स्थळे पाहू लागतात. दाखला पालकांच्या कपाटात राहतो, तो मुलीच्या कपाळावर छापला जात नाही.

दहावीच्या सवलतींची सर्वांना घाई असते. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या त्या १९९६ पासून. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आता कायद्यातच आहे. तपशील मंडळाच्या परिपत्रकाप्रमाणे ठरतो, म्हणून नववीच्या सुरुवातीलाच शाळेत तो विचारावा आणि प्रस्ताव विभागीय मंडळाकडे वेळेत जाईल असे पाहावे. काही शाळा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून अशा मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याचा सल्ला देतात. दाखला आणि आवक शिक्क्याचे ते जुने अर्ज हातात असले तर तो सल्ला नाकारणे सोपे जाते. विषयाची सूट घेण्यापूर्वी पुढे काय शिकायचे आहे याचा विचार करावा. गणित सोडले किंवा सोपे घेतले तर विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन अशा काही वाटा बंद होऊ शकतात. लेखनिक मिळणार असेल तर मुलाला उत्तर सांगण्याचा सराव हवा. स्वल्पविराम, नवा परिच्छेद, आकृतीतील नावे हे सगळे तोंडाने सांगायचे असते. त्यासाठी नववीच्या सहामाहीपासून घरीच, धाकट्या भावंडाला शेजारी लिहायला बसवून, आठवड्याला एक तरी प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी.