हंगामापूर्वी ‘पिप’ची निगा : कीड सर्वेक्षणातील संगणकीय कामासाठी

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांत सलग तीन दिवस प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानतात. अनेक गावांच्या नोंदी एकत्र करून ही पातळी तपासण्यासाठी पायथन ही संगणकभाषा उपयोगी पडते. नोंदी वेळेवर येऊनही हिशेब अडला, तर अळी बोंडात शिरल्यावर सल्ला पोहोचतो आणि तेव्हा फवारणीचा लाभ मिळत नाही. हिशेब अडण्याचे टाळता येण्याजोगे एक कारण म्हणजे जुना झालेला ‘पिप’.

पिपचे कार्य : पिप हा पायथनचा पॅकेज व्यवस्थापक होय. तक्ते हाताळणारे पांडाज, आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब अशी पॅकेजेस ‘पायपीआय’ या सामायिक भांडारातून आणून तो संगणकावर बसवतो. पायथन ३.४ (२०१४) पासून तो भाषेच्या अधिकृत संचासोबत मिळतो.

जुना पिप का अडतो? : बहुतेक पॅकेजेस ‘व्हील’ या तयार स्वरूपात मिळतात. त्याचे नवे प्रकार जुना पिप ओळखत नाही. मग तो पॅकेजचा मूळ सोर्स कोड आणून ते संगणकावरच घडवू पाहतो. कंपायलर नसल्यास काम फसते. लिनक्सवरील ‘मेनीलिनक्स २०१४’ प्रकारासाठी किमान १९.३ आवृत्तीचा पिप लागतो. उलटपक्षी, पिप २१.० पासून पायथन २.७ व ३.५ यांवर चालत नाही. तेथे आधी पायथनच बदलावा लागतो.

निगेचा क्रम (आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्यात, विंडोजवर ‘पायथन’ऐवजी ‘पाय’ चालते) :

१. ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’ या आज्ञेने पिपची आवृत्ती आणि तो कोणत्या पायथनचा आहे हे पाहावे.
२. पिप नसल्यास ‘पायथन -एम एन्शुअरपिप --अपग्रेड’ वापरावे. डेबियन वा उबंटूवर तो प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावा.
३. ‘पायथन -एम व्हीएन्व्ह’ या आज्ञेपुढे नाव देऊन प्रत्येक कामासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करावे व ते सुरू करावे. त्यात स्वतंत्र पिप असतो.
४. तेथेच ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप’ ही आज्ञा द्यावी.
५. हिशेब नीट चालल्यावर ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ने मिळणारी पॅकेजेसची आवृत्तीनिहाय यादी जपून ठेवावी. संगणक बिघडल्यास त्या यादीवरून तोच संच पुन्हा बसवता येतो.

पिप अद्ययावत केल्याने इतर पॅकेजेस आपोआप बदलत नाहीत, हे लक्षात ठेवावे. ऐन हंगामात ती बदलूही नयेत, कारण नव्या आवृत्तीत एखादी आज्ञा बदललेली असू शकते. फवारणी पंपाचे नोझल जसे हंगामाआधी तपासले जाते, तसेच हे काम खरीप पेरणीपूर्वी उरकावे. त्यानंतर गतवर्षीच्या सापळ्यांच्या नोंदींवर हिशेब चालवावा आणि उत्तर पूर्वीच्या उत्तराशी जुळले, तरच तो संच चालू हंगामासाठी वापरावा.