कुबट वास अत्तरानं जात नाही

मु. चिपळूण

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

लोहगाव विमानतळाची भाडी नियमित मिळू लागली, हे ऐकून बरं वाटलं. पण एसी लावला की कुबट वास येतो, पॅसेंजर काचा खाली करतात आणि त्यावर उपाय म्हणून तू मोगऱ्याची बाटली लावलीस, हे काही पटलं नाही. आळंदी रोडला गाड्यांच्या एसीची कामं करण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो : वासाच्या मागे लागू नकोस, पाण्याच्या मागे लाग.

डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं तिच्या पातळ पात्यांवर हवेतलं बाष्प जमतं. हवा कोरडी करणं हे एसीचं मूळ कामच आहे. १९०२ साली कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरनं ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती दमट हवेनं कागद फुगून छपाई बिघडायची म्हणून. गाडीत हे पाणी नळीवाटे खाली टपकतं, पण पात्यांना ओल राहतेच. त्यात धूळ आणि कुजका पाला मिसळला की बुरशी आणि जिवाणू वाढतात.

विश्रांतवाडीत उन्हाळाभर हवा कोरडी, त्यामुळे कॉइलवर पाणी कमी आणि धूळ मात्र भरपूर. मृग लागला की तीच धूळ भिजते. माउलींची पालखी आळंदीहून येते त्या सुमाराला वासाची तक्रार घेऊन गाड्यांची रांग लागायची, ती उगाच नव्हे.

आता रोजची सवय. शेवटचं भाडं सोडून परत येताना टिंगरेनगर ओलांडलंस की एसीचं बटण बंद कर, बाहेरची हवा आत घे आणि ब्लोअर मोठा ठेव. तीन-चार मिनिटांत कॉइल बरीच सुकते. मात्र पाऊस असेल तर हे चालत्या गाडीत करू नकोस. कॉइलवरची वाफ काचेवर बसून समोरचं दिसेनासं होतं. तेव्हा घराशी, उघड्या जागेत गाडी लावून, काचा खाली करून ब्लोअर चालव. ओली पायपुसणी आणि छत्र्या रात्रभर गाडीत ठेवू नकोस. वायपरखालच्या जाळीतला पाला हातानं काढत जा.

आधीचा वास घालवायचा तर पहिल्यांदा केबिन फिल्टर बघ. बहुतेक गाड्यांत तो डाव्या खणाच्या मागे असतो. काळा, ओलसर किंवा उंदरानं कुरतडलेला निघाला तर झटकून परत घालू नकोस, नवा टाक. त्यावरचा बाण हवेच्या दिशेनं हवा. मग एसी वीस मिनिटं चालवून गाडीखाली वाक. दमट दिवसातही थेंब पडत नसेल तर नळी तुंबली आहे. ते पाणी आत मुरतं, डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागतं आणि वास तिथूनही येतो. नळी मोकळी करून कार्पेट उन्हात खडखडीत वाळव. एवढ्यानं भागलं नाही तर कॉइलसाठीच मिळणारा फोम माहीतगाराकडून मारून घे. फिनेल, अॅसिड असले प्रयोग नकोत. डॅशबोर्ड उतरवणं हा अगदी शेवटचा उपाय. 'गॅस भरा, वास जाईल' असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी काढ. गॅस कमी झाला तर गारवा कमी होतो. कुबट वासाचा त्याच्याशी संबंध नाही.

सगळे वास बुरशीचे नसतात. गोडसर वास आणि काचेवर चिकट थर दिसला तर हीटरमधून कूलंट गळत असतो. पेट्रोलचा किंवा वायर जळाल्याचा वास आला तर गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद कर. आणि भाड्याची वाट बघताना एसी लावून, काचा बंद करून झोपायची सवय लागली असेल तर ती आजच सोड. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, त्यामुळे तो सावध करत नाही.

पॅसेंजरला सुगंध नको असतो, स्वच्छ हवा हवी असते. ती बाटली काढून टाक आणि आजच्या शेवटच्या भाड्यापासूनच कॉइल सुकवायला लाग.

तुझा,
मामा